अर्धी टाकी

ट्रेलरवरून चौचाकी खाली घेतली
तेव्हा उजाडायला अवकाश होता.
गारठ्यानं दोनदा चोक ओढायला लावला.
फ्रिजवर चिठ्ठी आहे:
कोल्टरची घळ, मग मेंढक्यांची वाट, मग उत्तरेचा कडा.
चारपर्यंत आले नाही तर लोवेलला फोन कर.
लोवेल आता शेरीफच्या कचेरीत असतो.
सहा वर्षं त्याला शाळेच्या बसमधून नेलं-आणलं मी;
खिडकीतून सफरचंदं फेकायचा.

ऑर्विलचा नियम एकच:
टाकी अर्धी झाली की मागं फिरायचं,
समोर काहीही असो.
तीस वर्षं तो पुढं, मी मागं,
त्याचा फुफाटा दातांखाली करकरत,
आणि दर खेपेला
कड्याच्या अलीकडेच काटा अर्ध्यावर.

या उन्हाळ्यात नाकात नळी घालून
तो गॅरेजमध्ये आला, जास्तीचा कॅन स्वतः भरला,
भरताना तीनदा थांबला.
म्हणाला, पलीकडं एक डोण आहे,
अठ्ठ्याहत्तर साली बाबांबरोबर बसवलेली.
तेव्हा घोडे होते. घोड्याला काटा नसतो.
बघून ये.

घळीत वाळू मऊ.
बसून चालवलं तर चाकं रुततात,
पायांवर उभी राहते, गुडघे सैल,
अंगठा थ्रॉटलवर इतका वेळ दाबलेला
की तो माझा आहे हे विसरायला होतं.
रात्री दव पडलं असावं, सेजब्रशचा वास
औषधाच्या कपाटासारखा.
डावीकडं सहा-सात हरणं पळाली,
मग थांबून वळून पाहत राहिली, जणू
विचारत होती, दुसरा कुठाय?

मेंढक्यांच्या वाटेवर मेंढके नाहीत,
त्यांनी रचलेले दगड आहेत,
आणि एका दगडावर सार्डिनचा डबा,
गंजून पानासारखा पातळ.

कड्याखाली काटा अर्ध्यावर आला.
हात आपोआप वळले.
चकवा लागावा तसं
हॅन्डल परतीच्या दिशेनं फिरलं होतं
आणि मी अजून ठरवलंही नव्हतं.
इंजिन बंद केलं.
तापलेलं लोखंड टिकटिकत राहिलं,
मग तेही गप्प झालं.
इतकं गप्प, की कानातलं रक्त ऐकू येतं.
कॅन ओतला. थोडं सांडलं बुटावर.

पलीकडं काय असेल असं वाटलं होतं?
तेच झुडूप, तोच माळ,
फक्त उतार दुसऱ्या बाजूला.

डोण सापडली.
पत्र्याला गोळ्यांची तीन भोकं, आत गंज,
कोपऱ्यात एका पाखराचा सांगाडा, जुना.
नळातून मात्र अजून एक थेंब,
मग बराच वेळानं दुसरा.
खाली ओल धरलेल्या हातभर मातीवर
मधमाश्या दाटीवाटीनं बसलेल्या.
आणि आतल्या बाजूला, काठापासून तळापर्यंत,
जाळीची एक लहान शिडी.
पाण्यात पडलेल्या पाखरानं चढून यावं म्हणून.

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.
एवढ्या वर्षांत नाही.
शिडी एका बाजूला कलली होती,
दगडानं ठोकून सरळ केली,
सॅन्डविच खाल्लं,
थेंब मोजायला लागले आणि सोडून दिलं.

घरी पोचले तेव्हा चार वीस.
तो पोर्चवर, खुर्ची रस्त्याकडं वळवलेली,
मांडीवर फोन, बोटांत चिठ्ठी.
लोवेलला फोन केलेला नव्हता.
धूळ खाली बसू दिली त्यानं, मग विचारलं,
किती उरलंय?
पाव, मी म्हटलं.
नळीतून हवा आली, गेली.
डोण कोरडी आहे, मी म्हटलं,
नळ ठिबकतोय. शिडी वाकली होती, सरळ केली.

ती वाकडीच होती, ऑर्विल म्हणाला.
मी तशीच बसवली होती.